नळी, चिठ्ठी आणि प्रश्नचिन्हे

गेल्या वर्षी आमच्या पेठेतल्या वाचनालयाच्या सभासदांची यादी संगणकावर चढविण्याचे काम माझ्या गळ्यात पडले. एका स्क्रिप्टने जुन्या तक्त्यातले नाव वाचायचे आणि ते माणसाऐवजी कळा दाबणाऱ्या दुसऱ्या साधनाच्या हाती द्यायचे. त्याने ते खिडकीतल्या रकान्यात भरायचे, अशी योजना. काम लावून मी झोपलो. सकाळी पाहतो तो प्रत्येकाचे नाव आत आणि आडनाव दाराबाहेर! मधली मोकळी जागा दिसली की तेथे एक वस्तू संपली, असा त्या यंत्राचा समज. सारे नाव अवतरणचिन्हांत गुंडाळले तेव्हा आडनावे आत आली. पण ही नावे रोमन लिपीत होती. मराठी वाचनालयात ती मराठीतच हवीत, असा कार्यकारिणीचा हट्ट, आणि तो रास्तच होता. मराठी नावे दिली, तर चाळीस वर्षे वर्गणी भरणाऱ्या एका आजींच्या जागी नुसती प्रश्नचिन्हे उभी राहिली. मला मोठे ओशाळवाणे वाटले.

वाचकहो, या भानगडीचे मूळ शोधीत मी पार न्यू जर्सीतल्या मरे हिलच्या बेल प्रयोगशाळेत जाऊन पोहोचलो, अर्थात पुस्तकांतून. तेथे डग मॅकिलरॉय यांनी ११ ऑक्टोबर १९६४ रोजी एक टिपण लिहिले होते. बागेतल्या रबरी नळीचे तुकडे जसे एकमेकांना जोडतात, तसे प्रोग्रॅम जोडता आले पाहिजेत, हे त्यातले सांगणे. पुढे त्यांनी हे टुमणे सोडले नाही, आणि १९७३ साली केन थॉम्प्सन यांनी एका रात्रीत युनिक्समध्ये ती सोय करून टाकली. एकाच्या तोंडून निघालेला मजकूर थेट दुसऱ्याच्या कानात! त्या जोडाची खूण म्हणून लवकरच उभी रेघ आली. दिसायला आपल्या पोथीतल्या दंडासारखीच. पण हा दंड वाक्य थांबवीत नाही, पुढे ढकलतो.

निघताना प्रोग्रॅमच्या हाती शिदोरीही देता येई, आणि काम आटोपल्यावर तो एक आकडा मागे ठेवून जाई. शून्य गुण घेऊन घरी आलेल्या मुलाचे काय होते हे आपणांस ठाऊक आहे. येथे मात्र शून्य म्हणजे सारे कुशल. पण आकड्यात आजींचे नाव कसे मावावे?

पुढे खिडक्यांचे युग आले आणि नळीची वाट बुजली. खिडकीतला प्रोग्रॅम माणसाच्या बोटाची वाट पाहत बसतो. त्याला नळी लावायची कोठे? १९७०च्या दशकात झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात लॅरी टेस्लर आणि टिम मॉट यांनी मजकूर कापून चिकटविण्याची रीत बसविली. तिच्यातून आलेला क्लिपबोर्ड म्हणजे वाड्यातला सामाईक ओटा. तुम्ही ठेवलेली वस्तू उचलायच्या आत दुसरा कोणी आपली ठेवून जातो! १९८७ साली मायक्रोसॉफ्टने प्रोग्रॅमांना आपसांत बोलण्याची एक पद्धत दिली, १९९३ साली ॲपलस्क्रिप्ट आली. ज्या खिडक्या तरीही मौन सोडीनात, त्यांच्यासाठी ऑटोइट (१९९९) आणि ऑटोहॉटकी (२००३) यांनी सरळ कळा दाबण्याचा मार्ग धरला.

राहिली प्रश्नचिन्हे. जुन्या अक्षरतक्त्यांत जागा २५६, आणि माझ्या साधनाने धरलेल्या तक्त्यात देवनागरीला घरच नव्हते. युनिकोडच्या १९९१ सालच्या पहिल्या आवृत्तीत ते मिळाले. सप्टेंबर १९९२ मध्ये न्यू जर्सीतल्या एका खाणावळीत, ताटाखालच्या कागदावर, रॉब पाइक यांच्यासह ज्याने ही अक्षरे साठविण्याची यूटीएफ-८ ही रीत मांडली तो गृहस्थ कोण? तोच नळीवाला थॉम्प्सन! आपले प्रत्येक अक्षर, प्रत्येक काना-वेलांटी या रीतीत तीन बाइटांची जागा घेते.

मग मी आकडा, ओटा सारे सोडले. नावे यूटीएफ-८ मध्ये एका फाइलीत लिहिली आणि ती तशीच वाचावी असे दोन्ही बाजूंना बजावले. चिठ्ठी पोहोचली.

दिवाळी अंक न्यायला आजी आल्या. छापील यादीतल्या आपल्या नावावर त्यांनी बोट ठेवले, चष्मा वर केला आणि म्हणाल्या, “नाव बरोबर आहे हो. पण माझी आश्विनाची वर्गणी कुठं मांडलीत?”