नौकेचा क्रमांक

मनुष्यास जसे नाव, तसा नौकेस क्रमांक. आयुष्यभर मुलांकडून अक्षर गिरवून घेतलेल्या आम्हांस हा विषय जिव्हाळ्याचा वाटावा, यात नवल ते काय!

आपल्या किनाऱ्यावर तारवांची ओळख प्रथम मागितली गेली ती कागदावर. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी ‘कार्ताज’ नामक परवाना सक्तीचा केला. पुढे कान्होजी आंग्रे यांनी स्वतःची दस्तके चालविली. परंतु कागद पाहावयाचा तर तारू थांबवावे लागे. १८८२ साली हेग येथे उत्तर समुद्राकाठच्या राष्ट्रांनी करार केला. मासेमारी नौकेच्या नाळेवर दोहों बाजूंस, काळ्या पृष्ठावर पांढऱ्या तैलरंगाने बंदराचे अक्षर व क्रमांक रंगवावा, तो झाकू वा पुसू नये, असे त्यात ठरले.

अमेरिकेत १९१८ च्या कायद्याने यंत्रावर चालणाऱ्या लहान नौकांसही क्रमांक आला; १९५८ साली हौशी नौकांच्या नोंदणीचे काम तेथील राज्यांकडे गेले. तेथील नियम एखाद्या शाळामास्तराने घातले असावेत असेच वाटते. अक्षरे ठळक, सरळ, किमान ३ इंच उंच. रंग नौकेच्या रंगाशी विरोधी. वाचन डावीकडून उजवीकडे. अक्षरे व अंक यांमध्ये मोकळी जागा. शेवटच्या अक्षरांत आय, ओ, क्यू वर्ज्य, कारण ती अंकांसारखी भासतात.

या काटेकोरपणाचे मर्म आम्हांस घरीच उमगले. काही वर्षांपूर्वी आमच्या पुतण्याची सहलीची होडी सायंकाळी परतली नाही. एका मच्छीमाराने दुपारी एक होडी वाहत जाताना पाहिली होती. परंतु वेलबुट्टीत गुरफटलेला आकडा तीन की आठ, हे त्यास सांगता येईना. ती आपलीच अशी खात्री न पटल्याने शोध भलत्याच दिशेस गेला. पहाटे होडी सापडली. इंजिन बंद पडले होते; तिघेही सुखरूप होते. घरात मात्र त्या रात्री कोणाचा डोळ्यास डोळा लागला नव्हता. दुसऱ्याच दिवशी आम्ही खडूने रेघा आखून दिल्या व क्रमांक नव्याने रंगविला.

क्रमांक सर्वच संकटे टाळतो असे नव्हे. २००८ साली मुंबईवरील हल्लेखोरांनी ‘कुबेर’ ही नोंदलेली मासेमारी बोटच बळकावली होती. तथापि हरवलेल्यास शोधणाऱ्याच्या हाती दुसरे काय असते?

ज्ञातिबांधवहो, नारळी पौर्णिमेस होडी अवश्य सजवावी. हारफुलांनी क्रमांक तेवढा झाकू नये, हीच प्रार्थना.