धनको, ऋणको आणि खिशातले कार्ड

रोजच्या खरेदीला डेबिट कार्ड वापरावे की क्रेडिट कार्ड, हा विषय हल्ली आमच्या नातेवाइकांत बराच चघळला जातो. तरुण मंडळी पॉइंट आणि कॅशबॅकचा हिशेब मांडतात. आमच्या वयाची मंडळी 'कर्ज ते कर्जच' म्हणून कानांवर हात ठेवतात. शाळेत इतिहास शिकवण्यात आयुष्य गेल्यामुळे मला अशा वेळी आधी मागे वळून पाहायची खोड आहे. आणि मागे पाहिले की लक्षात येते, कार्ड नवे असले तरी प्रश्न फार जुना आहे.

मराठीत या व्यवहाराला दोन नेटके शब्द आहेत, धनको आणि ऋणको. ज्याचे येणे आहे तो धनको, ज्याचे देणे आहे तो ऋणको. बँकेत आपले पैसे ठेवलेले असतात तेव्हा आपण धनको आणि बँक ऋणको असते. डेबिट कार्डाने आपण आपलेच येणे थोडे थोडे वसूल करून दुकानदाराला देतो. क्रेडिट कार्ड पुढे केले की उलटे होते. दुकानदाराचे पैसे बँक चुकवते आणि आपण तिचे ऋणको होतो. दिसायला दोन्ही कार्डे जुळ्या भावंडांसारखी! पण एकात आपण सावकार असतो आणि दुसऱ्यात कूळ.

कूळ होणे म्हणजे काय, हे आपल्या महाराष्ट्राने फार महागात शिकलेले आहे. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे या बाजाराच्या गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरा-दुकानांवर चाल केली. त्यांचा रोख होता तो कर्जरोख्यांवर. खते मागायची, नाही दिली तर जबरीने घ्यायची आणि भर रस्त्यात जाळायची. बघता बघता हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या कितीतरी गावांत पोचले. 'दख्खनचे दंगे' म्हणून आपण शाळेत दोन ओळींत शिकतो ते हेच.

पण त्या दोन ओळींत एक महत्त्वाची गोष्ट राहून जाते. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चालले, तिकडचा कापूस बंद झाला आणि इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. सावकार हात सैल सोडून कर्ज देऊ लागले. युद्ध संपले, भाव कोसळले, सरकारने सारा वाढवला आणि सावकारांनी हात आखडता घेतला. त्यातच १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जाचे खत तीनच वर्षे चालेल असे ठरवले होते. व्याज साचत जाऊ नये हा कायद्याचा हेतू. झाले भलतेच. दर तीन वर्षांनी सावकार खत पालटून घेऊ लागला. जुने मुद्दल अधिक थकलेले व्याज मिळून नवे मुद्दल! अंगठा उठवणाऱ्याला त्यातले काय कळणार? हिंदू कायद्यातला दामदुपटीचा जुना नियम मुंबई इलाख्यात मानला जाई. त्यानुसार एका वेळी वसूल करायचे व्याज मुद्दलापेक्षा जास्त असता कामा नये. पण दर खेपेला मुद्दलच नवे केले, तर दामदुपट मोजायची कुठून?

दंग्यांनंतर चौकशी आयोग नेमला गेला आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा झाला. मला त्यातल्या दोन गोष्टी फार मोलाच्या वाटतात. एक म्हणजे खतावर काय आकडा लिहिला आहे एवढ्यावर न थांबता, कोर्टाने व्यवहाराच्या मुळापर्यंत जाऊन मूळ कर्ज किती होते ते पाहायचे. दुसरी म्हणजे शेतकरी ऋणकोला पैसे भरल्याची पावती आणि दर वर्षाचा हिशेब लेखी मागण्याचा हक्क मिळाला. आज महिन्याच्या महिन्याला कार्डाचे जे स्टेटमेंट येते, आणि जे आपण न वाचताच टाकून देतो, तसला कागद मिळावा म्हणून आपल्या पणजोबा-खापरपणजोबांच्या पिढीला आधी खते जाळावी लागली होती.

आता थोडे परदेशी जाऊ. 'क्रेडिट कार्ड' हा शब्द प्रसिद्ध केला एका कादंबरीने. एडवर्ड बेलामी या अमेरिकन लेखकाची 'लुकिंग बॅकवर्ड' १८८८ साली आली. तिचा नायक १८८७ साली झोपतो आणि जागा होतो थेट २००० साली, बोस्टन शहरात. तिथे नाणी-नोटा नाहीत. राष्ट्राच्या उत्पन्नातला प्रत्येकाचा वाटा वर्षाच्या सुरुवातीलाच त्याच्या नावे जमा होतो आणि त्याला पुठ्ठ्याचे एक कार्ड मिळते. भांडारात वस्तू घेतली की कारकून कार्डावरचे तेवढ्या किमतीचे चौकोन टोचून काढतो. आता पाहा गंमत. बेलामीने त्याला म्हटले 'क्रेडिट कार्ड', पण ते तर आपले डेबिट कार्ड झाले! आधी जमा, मग खर्च. उधारीचा संबंधच नाही. नाव घेतले स्वप्नातल्या कार्डाचे आणि चिकटवले भलत्याच कार्डाला, असे इतिहासात पुष्कळदा होते.

प्रत्यक्षातली गोष्ट सुरू झाली १९५० साली न्यूयॉर्कमध्ये. फ्रँक मॅकनामारा यांनी डायनर्स क्लब काढला. ते हॉटेलात जेवायला गेले, पाकीट घरी विसरले आणि त्या फजितीतून कल्पना सुचली, अशी कथा सांगतात. कंपनीच्या प्रसिद्धीचे काम पाहणाऱ्या गृहस्थांनीच पुढे ती आपण रचल्याचे सांगून टाकले. असो. त्या कार्डावर महिन्याची बाकी महिन्याला पूर्ण चुकती करावी लागे. म्हणजे आपल्या वाण्याकडची 'मांडून ठेवा, पगाराला देतो' हीच पद्धत. फरक एवढाच, की वही दुकानदाराकडून निघून तिसऱ्याच्या हाती गेली आणि तो तिसरा हॉटेलवाल्याकडून बिलाचे सात टक्के कापून घेऊ लागला.

खरा बदल १९५८ च्या सप्टेंबरात झाला. कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो गावात बँक ऑफ अमेरिकेने सुमारे ६०,००० लोकांना न मागता टपालाने कार्डे धाडली. बाकी पूर्ण भरली नाही तरी चालेल, उरलेल्यावर व्याज लावू, ही त्यातली मेख. योजना ज्यांनी आखली त्या जोसेफ विल्यम्स यांचा अंदाज होता की चार टक्के खाती थकतील. थकली बावीस टक्के! पहिल्या सव्वा वर्षात बँकेने सुमारे ८८ लाख डॉलर गमावले आणि विल्यम्स यांनी बँक सोडली. पण बँकेने धंदा सोडला नाही, कारण थोडीथोडी फेड करणारे गिऱ्हाईकच पुढे कमाई करून देणार होते. तेच कार्ड १९७६ पासून 'व्हिसा' नावाने जगभर फिरते आहे. न मागता कार्ड पाठवण्यावर अमेरिकेत १९७० साली बंदी आली.

डेबिट कार्डाचा रस्ता वेगळा. तो उधारीतून फुटला नाही, आपल्याच खात्यातले पैसे बँक बंद झाल्यावर कसे काढावेत या अडचणीतून निघाला. जून १९६७ मध्ये लंडनजवळ एनफिल्डला बार्कलेज बँकेने नोटा देणारे यंत्र बसवले. ते करणारे जॉन शेफर्ड-बॅरन यांचा जन्म आपल्या शिलाँगचा, बरं का! त्या यंत्रात कार्ड नव्हते, खास कागदी चिठ्ठी घालावी लागे. पुढे चिठ्ठीचे कार्ड झाले, आणि यंत्रात चालणारे कार्ड दुकानातही चालू लागले. ब्रिटनमध्ये हे १९८७ साली घडले. त्याच वर्षी मुंबईत भारतातले पहिले एटीएम आले.

आपल्याकडे सोराबजी पोचखानवाला यांनी १९११ साली स्थापन केलेल्या सेंट्रल बँक ऑफ इंडियाने १९८० साली 'सेंट्रलकार्ड' हे क्रेडिट कार्ड काढले. म्हणजे भारतीय बँकांत क्रेडिट कार्ड आधी आले आणि डेबिट कार्ड मागून, १९९० च्या दशकाच्या अखेरीस. पण गावोगाव पोचले ते डेबिट कार्डच. २०१२ साली रुपे आले, २०१४ पासून जनधन खात्यांबरोबर ते कोट्यवधी लोकांच्या हाती पडले. २०१६ साली यूपीआय आले आणि कार्ड काढायचीही गरज उरली नाही. भाजीवाल्याकडे आपण मोबाइल पुढे करतो तेव्हा बहुधा आपल्या बचत खात्यातूनच पैसे जातात. म्हणजे कार्ड नसले तरी व्यवहार डेबिटचाच. २०२२ पासून रुपे क्रेडिट कार्डही यूपीआयला जोडता येते, तेव्हा आता मोबाइलवरही तोच जुना प्रश्न आहे, धनको की ऋणको?

तेव्हा रोजच्या खरेदीला काय घ्यावे? मी तीन प्रश्न विचारतो.

पहिला, खर्च कोणावर पडतो? १ जानेवारी २०२० पासून रुपे डेबिट आणि यूपीआयवर दुकानदाराला शुल्क द्यावे लागेनासे झाले. क्रेडिट कार्डावर मात्र त्याच्या विक्रीतून टक्केवारी कापली जाते. आपले पॉइंट आणि कॅशबॅक बरेचसे त्यातूनच येतात. कोपऱ्यावरच्या किराणावाल्याकडे दीडशे रुपयांची डाळ क्रेडिट कार्डावर घेणे मला म्हणूनच बरे वाटत नाही.

दुसरा, घोटाळा झाला तर अडकतात कोणाचे पैसे? इथे मात्र क्रेडिट कार्ड उजवे ठरते. डेबिट कार्डावर चोरी झाली तर खात्यातले पैसे गेलेले असतात, निकाल लागेपर्यंत औषधपाणी आणि वीजबिल भागवायचे ते उरलेल्यात. क्रेडिट कार्डावर बिलातला आकडा वादात असतो, घरातला पैसा जागेवर असतो. अमेरिकेत कायदाही हा भेद करतो. तिथे क्रेडिट कार्डाच्या चोरीत गिऱ्हाइकाची जबाबदारी फार तर ५० डॉलरची. डेबिट कार्डाबाबत १९७८ चा कायदा म्हणतो, कळल्यापासून दोन कामाच्या दिवसांत सांगा, उशीर केलात तर ५०० डॉलरपर्यंत तुमच्या माथी. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ मध्ये दोन्ही कार्डांना सारखाच दिलासा दिला. तिसऱ्याच कोणी केलेला घोटाळा तीन कामाच्या दिवसांत कळवला तर गिऱ्हाइकाला भुर्दंड नाही, असा तो नियम. पण स्वतःच ओटीपी सांगून टाकला तर कळवीपर्यंतचे नुकसान आपलेच.

तिसरा प्रश्न सर्वांत मोठा. बिल पूर्ण भरता येणार आहे का? मुदतीत पूर्ण भरले तर व्याज शून्य. पण स्टेटमेंटवर 'किमान देय रक्कम' म्हणून एक छोटासा आकडा असतो, तो मोठा गोड दिसतो. तेवढाच भरला की उरलेल्यावर व्याज धावू लागते, आणि नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते. दरमहा साडेतीन टक्के हा काही विशेष चढा दर नव्हे. चक्रवाढीने त्या दराने रक्कम वीस महिन्यांत जवळजवळ दुप्पट होते. सुप्याच्या सावकाराला खत पालटायला तीन वर्षे थांबावे लागे, इथे ते दर महिन्याला पालटते! राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली म्हटले होते की वर्षाला ३० टक्क्यांहून जास्त व्याज ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये तो निर्णय रद्द केला. दामदुपटीचा आधार नाही, तीस टक्क्यांची वेस नाही. मग वेस आपणच घालायला हवी.

मी स्वतःपुरती घातलेली वेस अशी. पेन्शन ज्या खात्यात येते त्याचे डेबिट कार्ड दुकानात न्यायचे नाही, ऑनलाइन तर नाहीच. दुसऱ्या एका खात्यात महिन्याच्या खर्चापुरते पैसे टाकायचे. भाजी, किराणा, दूध, औषधे हे सारे त्या खात्यातून, डेबिटने. रेल्वेचे तिकीट, मोठी वस्तू, अनोळखी संकेतस्थळावरची खरेदी क्रेडिट कार्डावर, पण बिल आले की पूर्ण. क्रेडिट कार्डावर एटीएममधून रोकड कधीच काढायची नाही, त्याचे व्याज पहिल्या दिवसापासून लागते. परदेशी व्यवहार आणि न लागणाऱ्या सोयी बंद ठेवायच्या. ही मुभा आणि मर्यादा ठरवण्याची सोय २०२० पासून बँकांना द्यावी लागते, तिचा उपयोग करावा. आणि ज्याला महिनाअखेर पूर्ण बिल भरण्याची खात्री नाही, त्याने क्रेडिट कार्ड घरीच ठेवावे. कॅशबॅकचे दोन टक्के मिळवायचे आणि व्याजाचे बेचाळीस द्यायचे, हा हिशेब चौथीतला मुलगाही चूक ठरवील.

आमच्या घराण्यात कर्जाला भिणारे पुष्कळ आहेत, आणि न भिणारेही आता झाले आहेत. दोघांनाही एवढेच सांगेन, की या महिन्याचे स्टेटमेंट टाकून देण्याआधी एकदा शेवटपर्यंत वाचा. व्याजाचा दर बहुधा मागच्या बाजूला, बारीक अक्षरात असतो.