भुकेल्या वन्य हरणांना चारा घालावा काय? किन्हीराजा परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना

कडाक्याच्या हिवाळ्यात उपासमारीने मरणाऱ्या वन्य हरणांना माणसाने चारा घालावा की त्यांना निसर्गाच्या स्वाधीन करावे, हा प्रश्न पाश्चात्त्य देशांत शंभर वर्षांहून अधिक काळ चर्चिला जात आहे. वऱ्हाडात हाच प्रश्न वेगळ्या ऋतूत उभा राहतो. वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातील किन्हीराजा आणि त्याभोवतालच्या पठारी प्रदेशात हिवाळा हा हरणांच्या उपासमारीचा काळ नव्हे. त्या दिवसांत शिवारात हरभरा व गहू उभा असतो. खरी ओढाताण फाल्गुनापासून मृगाच्या पावसापर्यंत असते. गवत वाळून त्यातील सत्त्व जाते, नाले आटतात आणि रब्बीची शेते मोकळी होतात. पाऊस हुकला तर ही ओढाताण वर्षभर लांबते. अशा वेळी चारा घालणे ही भूतदया ठरते की चूक, याचा विचार त्या भुकेचा इतिहास पाहिल्याशिवाय करता येत नाही. प्रस्तुत लेखाचा उद्देश तो इतिहास तपासणे हा आहे.

चराऊ रानांचा संकोच

किन्हीराजाच्या उत्तरेकडील डोंगराळ भागात अकोला व वाशीम या दोन जिल्ह्यांत पसरलेले काटेपूर्णा अभयारण्य (स्थापना १९८८, क्षेत्र सुमारे ७३ चौ. कि. मी.) आहे. चौसिंगा, भेकर व नीलगाय ही तेथील तृणभक्षी प्राण्यांची प्रमुख नावे होत. ईशान्येस कारंजा-सोहोळ हे काळविटांसाठी २००० साली घोषित झालेले, सुमारे १८ चौ. कि. मी.चे लहान अभयारण्य आहे. काळवीट हा मूलतः मोकळ्या माळाचा प्राणी. कुसळी, पवन्या, मारवेल यांसारखी गवते असलेला माळ हेच त्याचे घर. म्हणून त्याच्या भुकेचा इतिहास हा माळरानाचा इतिहास आहे.

१८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या व्यवस्थापनाखाली आला. १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकन यादवी युद्धामुळे येथील कापसाला अभूतपूर्व मागणी आली आणि १८६७ पर्यंत मुंबई-नागपूर लोहमार्ग वऱ्हाडातून पूर्ण झाला. जमीन महसुलाच्या दृष्टीने पडीक माळ हा वाया जाणारा भाग ठरला व तो झपाट्याने नांगराखाली आला. कापसाच्या या विस्ताराने अन्नधान्याचे क्षेत्र व चराऊ जमीन या दोहोंचा संकोच झाला, हे लक्ष्मण सत्या यांनी ‘कॉटन अँड फॅमिन इन बेरार’ (१९९७) या ग्रंथात मांडले आहे. त्यांच्या विवेचनाचा भर शेतकरी व पशुधन यांवर आहे. परंतु ज्या माळावर गाय चरत होती त्याच माळावर काळवीटही चरत होते, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

दुष्काळ आणि भुकेची मोजदाद

१८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांनी वऱ्हाड होरपळून निघाला. चारा-पाण्यावाचून गुरे मोठ्या संख्येने मेली. राखीव जंगले गुरांच्या चराईसाठी खुली करणे हा दुष्काळ निवारणाचा मान्य उपाय होता. मानवी दृष्टीने तो आवश्यकच होता, यात शंका नाही. मात्र ज्या वर्षी गवत सर्वांत कमी, त्याच वर्षी वन्य प्राण्यांच्या उरल्यासुरल्या वाट्यावर गुरांचा भार पडला. शासकीय दुष्काळ अहवालांचा विषय माणूस व पशुधन हा होता. हरणांचा विचार होई तो मुख्यतः शिकारीच्या नियमांत. १९१२ चा वन्य पशुपक्षी संरक्षण अधिनियम काय, किंवा मध्य प्रांताचा १९३५ चा शिकारविषयक कायदा काय, बंदुकीपासून संरक्षण हाच त्यांचा गाभा होता. भुकेपासून संरक्षण नव्हे.

१९७२ हे वर्ष या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. महाराष्ट्र त्या वर्षी भीषण दुष्काळाला तोंड देत होता आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये वन्यजीव (संरक्षण) अधिनियम संमत झाला. नव्या कायद्याने काळविटाची शिकार गुन्हा ठरवली. पण अभयारण्याबाहेरच्या माळाला त्याने संरक्षण दिले नाही. पुढे सोयाबीनच्या प्रसाराने उरलेले माळही पिकाखाली आले. २०२२ मध्ये नागपूर-शिर्डी टप्पा खुला झालेला समृद्धी महामार्ग काटेपूर्णा व कारंजा-सोहोळ या दोन्ही अभयारण्यांच्या परिसरातून जातो. त्यावर प्राण्यांसाठी भुयारी व उन्नत मार्ग बांधले गेले, ही स्वागतार्ह बाब होय. तथापि दुष्काळी वर्षात दूरच्या गवताकडे सरकणे हा कळपांचा जुना उपाय होता आणि त्यावर नव्या मर्यादा आल्या, हेही खरे आहे.

जॅक्सन खोऱ्याचा धडा

चारा घालण्याच्या प्रयोगाचा सर्वांत दीर्घ अनुभव अमेरिकेच्या वायोमिंग राज्यातील जॅक्सन खोऱ्यात मिळतो. एल्क हे तेथील सांबरापेक्षा मोठे हरीण. त्यांच्या हिवाळी कुरणांवर वसाहती व गुरांचे वाडे झाले आणि विसाव्या शतकाच्या आरंभीच्या कडक हिवाळ्यांत हजारो एल्क भुकेने मेले. स्थानिक रहिवाशांनी कळवळून वाळलेले गवत घातले. शासनाने मदत केली आणि १९१२ साली तेथे राष्ट्रीय एल्क आश्रयस्थान स्थापन झाले. प्राणी वाचले, परंतु तात्पुरता उपाय शतकाची प्रथा बनला. चाऱ्याभोवती दाटीने जमणाऱ्या कळपांत ब्रुसेलोसिस हा सांसर्गिक रोग टिकून राहिला. पुढे हरणांच्या मेंदूचा ऱ्हास घडवणारा असाध्य रोगही त्या प्रदेशात पोहोचला आणि २०२० मध्ये तो एल्कमध्ये आढळला. त्यापूर्वीच, २०१९ मध्ये, चारा क्रमशः कमी करण्याची योजना तेथील व्यवस्थापनाला स्वीकारावी लागली होती. दयेने सुरू झालेली गोष्ट थांबवणे हे सुरू करण्यापेक्षा कितीतरी कठीण असते, हा या अनुभवाचा सार होय.

वऱ्हाडाला लागू होणारे मुद्दे

पहिला मुद्दा शरीरशास्त्राचा. हरीण हा रवंथ करणारा प्राणी आहे. त्याच्या पोटातील सूक्ष्मजीव नव्या आहाराशी जुळवून घेण्यास काही आठवडे घेतात. उपाशी हरणाला एकाएकी ढेप किंवा धान्य दिल्यास पोटात आम्ल वाढून ते दगावू शकते. दुसरा मुद्दा रोगाचा. गावाजवळ चारा टाकल्यास हरणे व गुरे एकत्र येतात. अभयारण्यापासून पाच किलोमीटरच्या आतील गुरांना रोगप्रतिबंधक लस टोचण्याची तरतूद वन्यजीव कायद्याच्या कलम ३३-क मध्ये आहे, ती याच धोक्याच्या जाणिवेतून. तिसरा मुद्दा सुरक्षिततेचा. ठराविक जागी, ठराविक वेळी येणारा कळप चोरट्या शिकाऱ्यांना व मोकाट कुत्र्यांना आयता सापडतो. उन्हाळ्यात टँकरने भरल्या जाणाऱ्या कृत्रिम पाणवठ्यांवरही म्हणूनच राखण ठेवावी लागते.

चौथा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा, पण चर्चेत क्वचित येणारा आहे. किन्हीराजासारख्या गावांच्या शिवारात हरणांना चारा घातला जातोच. तो शेतकरी घालतो, आणि तोही इच्छेविरुद्ध. सोयाबीनचे कोवळे अंकुर, तुरीचे शेंडे, हरभऱ्याचे घाटे यांवर हरणे व नीलगायी जगतात. रात्ररात्र जागल करणाऱ्या शेतकऱ्याला भूतदयेचा उपदेश करणे सोपे आहे. राज्यघटनेच्या कलम ५१-अ (छ) मध्ये १९७६ साली समाविष्ट झालेले प्राणिमात्रांविषयी दयेचे कर्तव्य सर्व नागरिकांचे आहे. प्रत्यक्षात त्याचा खर्च मात्र रानालगतच्या शेतकऱ्यावर पडतो.

निष्कर्ष

हरणांची उपासमार मानवनिर्मित असेल तर ती दूर करण्याची जबाबदारीही मानवाचीच, हा चारा घालण्याच्या बाजूचा युक्तिवाद बलवान आहे आणि तो नाकारण्याचे कारण नाही. मात्र त्यातून निघणारा निष्कर्ष चाऱ्याच्या पेंढीवर थांबत नाही. जे हिरावले गेले ते गवत नव्हते, गवत उगवणारी जमीन होती. परतफेड त्याच नाण्यात झाली पाहिजे. गावोगावच्या गायरानांवरील अतिक्रमण रोखणे, माळ हा पडीक नसून उपजाऊ आहे अशी महसुली नोंद होणे, अभयारण्यातील गवत वणव्यापासून राखणे आणि पीकनुकसानीची भरपाई वेळेवर व पुरेशी देणे, हे त्याचे मार्ग होत. अपवादात्मक दुष्काळात वनविभागाने पशुवैद्यकाच्या देखरेखीखाली, मुदत ठरवून, परिसरातलेच गवत व पाणी पुरवणे समर्थनीय ठरेल. एरवी हरणाला हातातला घास देण्यापेक्षा त्याचा रानातला वाटा शाबूत ठेवणे, हीच इतिहासाच्या कसोटीवर उतरणारी भूतदया होय.