रब्बी मॉर्गेन्स्टर्न यांचें निमंत्रणपत्र आणि ग्रंथपाल स्पानियर

सनद हातीं असून भोगवटा न मिळाल्याचीं उदाहरणें आपल्या दप्तरांत थोडीं नाहींत. त्याच जातीचें, परंतु परिणामानें फार दारुण असें एक परदेशीय प्रकरण आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

अमेरिकेंत सिन्सिनाटी येथील हिब्रू युनियन कॉलेजचे अध्यक्ष रब्बी ज्यूलियन मॉर्गेन्स्टर्न यांनीं जर्मनींतील संकटग्रस्त यहुदी पंडितांस अध्यापनाचीं निमंत्रणें धाडिलीं. १९२४ च्या अमेरिकन कायद्यानें प्रत्येक देशांतून येणारांची संख्या ठरवून दिली होती. १९३८ पासून जर्मनी व ऑस्ट्रिया मिळून ती वर्षास २७,३७० होती. धर्मोपदेशक व प्राध्यापक यांस मात्र ही मर्यादा नव्हती. अर्जापूर्वीं लागोपाठ दोन वर्षें तोच व्यवसाय केलेला असावा आणि येणेंही त्याचसाठीं असावें, अशी अट होती. निमंत्रणपत्राचें सारें बळ या सवलतींत होतें.

डॉ. आर्थर स्पानियर हे बर्लिनच्या प्रशियन सरकारी ग्रंथालयांत हिब्रू ग्रंथांचे जाणकार ग्रंथपाल. तोसेफ्ता या प्राचीन धर्मनिर्णयसंग्रहावर त्यांनीं लिहिलें. १९२७ सालीं हिब्रू बायबलांतील पाठचिन्हांच्या व्यवस्थेवर त्यांचा ग्रंथ निघाला. वेदपाठांतील स्वरांकनाशीं ज्यांचा परिचय आहे त्यांस या कामाचें मोल निराळें सांगावयास नको. नोव्हेंबर १९३८ च्या अत्याचारानंतर त्यांस बंदिछावणींत टाकण्यांत आलें. सिन्सिनाटीच्या निमंत्रणावर तेथून सुटका झाली. परंतु जें पत्र छावणीच्या अधिकाऱ्यांनीं मानलें, त्यावर अमेरिकन वकिलातीनें व्हिसा दिला नाहीं!

कारण विचारण्यास मॉर्गेन्स्टर्न स्वतः वॉशिंग्टनला गेले. स्पानियर हे मुख्यतः ग्रंथपाल, अध्यापन त्यांस गौण, असें उत्तर मिळालें. दुसरें कारण याहून विलक्षण. बर्लिनच्या ज्या यहुदी विद्यापीठांत ते शिकवीत, त्याचें ‘होखशूले’ हें नांव काढून नाझी सरकारनें १९३४ सालीं त्यास ‘लेरआन्स्टाल्ट’, म्हणजे नुसती पाठशाळा, ठरविलें होतें. खालच्या दर्जाच्या संस्थेंतील अध्यापकास वरच्या संस्थेंत येण्यासाठीं ही सवलत नाहीं, असा अर्थ लावण्यांत आला. छळ करणारानें उतरविलेला दर्जा आश्रय देणारानें प्रमाण धरावा, हा न्याय आमच्या तरी समजुतीपलीकडचा आहे.

स्पानियर हॉलंडांत गेले. ब्रेस्लाउच्या यहुदी विद्यालयांतील तत्त्वज्ञानाचे अध्यापक आल्बर्ट लेव्हकोव्हिट्स हेही तेथेंच आले होते. त्यांचे कागद मे १९४० मध्यें जर्मन विमानांनीं रॉटरडॅमवर केलेल्या बाँबवर्षावांत नष्ट झाले. वकिलातीनें जर्मनींतून नवे आणावयास सांगितलें, आणि तें अशक्य होतें. पुढें दोघेही बेर्गेन-बेल्सेनच्या छावणींत गेले. लेव्हकोव्हिट्स १९४४ सालीं कैद्यांच्या अदलाबदलींत पॅलेस्टाइनला पोहोंचले. स्पानियर छावणींतच वारले.

अशाच निमंत्रणावर अब्राहम जोशुआ हेशेल १९४० सालीं अमेरिकेंत उतरले व पुढें मोठे धर्मचिंतक म्हणून गाजले. पत्र लिहिणारा एकच होता. सिन्सिनाटी येथेंच १९४७ सालीं स्थापन झालेल्या अमेरिकन ज्यूइश आर्काइव्ह्ज या दप्तरखान्यांत कॉलेजचा जुना पत्रव्यवहार जतन केलेला आहे.