नव्या चष्म्याने आजी पायरी का चुकते?

चष्म्याचा नंबर बदलून आणला की घरातल्यांना हायसं वाटतं. आता आजीला स्वच्छ दिसेल, ती पडणार नाही. पण सिडनीत सत्तरीपुढच्या ६१६ जणांवर केलेल्या एका अभ्यासात (२००७) उलटंच दिसलं. निम्म्यांचे डोळे तपासून गरजेप्रमाणे उपचार केले, त्यात अनेकांना नवे चष्मे मिळाले. वर्षभरात त्यांच्यातले ६५ टक्के लोक पडले. बाकीच्यांत हे प्रमाण ५० टक्के होतं.

असं का? प्लस नंबर वाढला की वस्तू मोठ्या आणि जवळ दिसतात, मायनस वाढला की लहान. सिलिंडरचा नंबर बदलला तर सपाट जमीनही तिरकी भासते. पाऊल किती उचलायचं याचा अंदाज मात्र जुन्या चष्म्यावर बसलेला असतो. तरुणांचा मेंदू तो लवकर जुळवून घेतो, म्हाताऱ्या माणसाला वेळ लागतो.

बायफोकलची गोष्ट वेगळी. त्याचा खालचा भाग हातातल्या पेपरसाठी असतो, साधारण ४० सेंटिमीटरवरचं वाचायला. पाऊल पडायची जागा त्याहून कितीतरी लांब, त्यामुळे खाली पाहिलं की नेमकी पायरीच धूसर.

रत्नागिरीकडे हे जास्त जाणवतं. अंगणाच्या पायऱ्या जांभ्याच्या, पाखाडीही जांभ्याची, सगळ्याचा रंग एकच. कडा कुठे संपते ते धड डोळ्यांनाही चटकन कळत नाही. त्यात पावसाळ्यात शेवाळ.

म्हणून तपासणी टाळायची, असं अजिबात नाही. मोतीबिंदू असेल तर शस्त्रक्रियेचा फायदा चालण्यातही दिसतो: इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमला सत्तरीपुढच्या स्त्रियांच्या पहिल्या डोळ्याची शस्त्रक्रिया लवकर केल्यावर पडण्याचं प्रमाण सुमारे एक तृतीयांशाने घटलं (२००५). राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमात ही शस्त्रक्रिया मोफत होते.

नंबर एकदम खूप बदलत असेल, तर तो टप्प्याटप्प्याने वाढवता येईल का, हे डॉक्टरांना जरूर विचारा. आजी रोज देवळात, बाजारात जात असेल तर बाहेरसाठी फक्त लांबचा वेगळा चष्मा उपयोगी पडतो. २०१० च्या एका ऑस्ट्रेलियन अभ्यासात अशा फिरत्या लोकांचं पडणं कमी झालं. क्वचितच बाहेर पडणारे मात्र त्याच चष्म्याने बाहेर जास्त पडले. तेव्हा हा उपाय सरसकट नको.

नवा चष्मा आल्यावर पहिले काही आठवडे पायऱ्यांवर कुणीतरी सोबत असावं. आणि प्रत्येक पायरीच्या कडेला पांढऱ्या ऑइलपेंटचा पट्टा ओढा, पावसाळ्याआधी.