कूष्मांडा : ताऱ्यांना तेज देणारी देवी

नवरात्र जवळ आले, की गुलटेकडी येथील श्री छत्रपती शिवाजी मार्केट यार्डात झेंडू, शेवंतीबरोबर कोहळ्यालाही मागणी येते. अंगावर राखेसारखी पांढरी भुकटी असलेल्या या फळाला संस्कृतमध्ये ‘कूष्मांड’ म्हणतात. विश्वातील सर्व तेजाची जननी मानल्या गेलेल्या देवीचे नावही ‘कूष्मांडा’ असेच आहे.

देवीकवचात सांगितलेल्या नवदुर्गांपैकी हे चौथे रूप होय. आश्विन शुद्ध चतुर्थीला, म्हणजे नवरात्राच्या चौथ्या दिवशी, तिची पूजा केली जाते. सृष्टी नव्हती, सर्वत्र अंधार होता, तेव्हा देवीने मंद स्मित केले आणि त्यातून ब्रह्मांड निर्माण झाले, अशी श्रद्धा आहे. तिचा वास सूर्यमंडळात असून सूर्य, ग्रह व तारे तिच्याच तेजाने प्रकाशतात, असे मानले जाते. ती सिंहारूढ व अष्टभुजा आहे. कमंडलू, धनुष्य, बाण, कमळ, अमृतकलश, चक्र, गदा आणि जपमाळ ही तिची आयुधे व चिन्हे. वाराणसीचे दुर्गाकुंड मंदिर या देवीचे स्थान मानले जाते.

‘कु’ म्हणजे अल्प, ‘उष्मा’ म्हणजे ऊब आणि ‘अंड’ म्हणजे ब्रह्मांड, अशी तिच्या नावाची पारंपरिक फोड केली जाते. देवीला कोहळ्याचा बळी प्रिय असल्याने हे नाव पडले, असेही सांगतात.

देवी आणि तारे यांचे नाते मात्र याहून प्राचीन आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील १२७ वे सूक्त रात्रिदेवीचे आहे. आठ ऋचांच्या या सूक्तात रात्र ही द्युलोकाची कन्या व उषेची बहीण आहे. ती अनेक नेत्रांनी सर्वत्र पाहते. हे नेत्र म्हणजेच तारे, असा अर्थ अभ्यासक लावतात. अंधाराची ही देवता स्वतःच्या प्रकाशाने अंधार दूर सारते, हे या सूक्ताचे वैशिष्ट्य. सप्तशतीच्या पाठापूर्वी ते म्हणण्याची परंपरा आहे.

नवरात्रातील होमात किंवा वास्तुशांतीच्या वेळी अनेक ठिकाणी पशूऐवजी कोहळा अर्पण केला जातो. दृष्ट लागू नये म्हणून तो घराच्या, दुकानाच्या दारावरही टांगतात. ब्रह्मांड घडविणाऱ्या देवीच्या नावाचे हे फळ अशा प्रकारे एका मुक्या जिवाचे प्राण वाचविते. बाजारातील या साध्या फळाला पूजेत मोठे स्थान मिळाले, ते त्यामुळेच.