‘इमाने-इतबारे’: एका जोडशब्दाची गोष्ट

‘त्यांनी इमाने-इतबारे नोकरी केली’, हे वाक्य निवृत्तीच्या निरोपसमारंभात आजही हमखास ऐकू येते. या जोडशब्दातले दोन्ही शब्द मूळचे अरबी. ‘ईमान’ म्हणजे ईश्वरावरील श्रद्धा, तर ‘एतबार’ म्हणजे भरवसा, पत. मराठीत रुळताना ‘इमान’ ईश्वराकडून माणसाकडे वळले. धन्याशी आणि दिलेल्या शब्दाशी राखलेली निष्ठा, हा त्याचा मुख्य अर्थ झाला.

सप्टेंबर १६७६ मध्ये शिवाजी महाराजांनी प्रभावळीचा सुभेदार रामाजी अनंत यास पाठविलेल्या पत्रात हा शब्दप्रयोग भेटतो. चोरी न करता इमाने-इतबारे काम करण्याची ‘क्रिया’ तू केली आहेस, याचे स्मरण पत्राच्या आरंभीच दिले आहे. येथे ‘क्रिया’ म्हणजे कृती नव्हे, शपथ. त्या शपथेनुसार रयतेच्या भाजीच्या देठावरही मन जाता कामा नये, अशी ताकीद आहे.

मात्र पत्र ताकिदीवर थांबत नाही, आणि त्याचे खरे मोल पुढच्या भागात आहे. सुभेदाराने गावोगाव फिरावे, कुणबी गोळा करावे. ज्याच्याजवळ बैल नाहीत त्याला बैलांसाठी पैसे व पोटाला धान्य द्यावे. वसुली करताना वाढीदिढी, म्हणजे व्याज, न घेता केवळ मुद्दल, तेही ऐपत येईल तसतसे घ्यावे. अधिकाऱ्यावर टाकलेला विश्वास असा शेताच्या बांधापर्यंत पोहोचवायचा होता.

कारण कुणब्याजवळ अविश्वास दाखविण्याचे एक साधन होतेच: गाव सोडून जाणे. युद्धाने वा दुष्काळाने ओस पडलेले गाव पुन्हा वसवायचे तर नुसते आश्वासन पुरत नसे. ‘कौल’ द्यावा लागे. हाही अरबी शब्द, अर्थ ‘बोल, वचन’. पडीक जमिनीसाठी पेशवाईतही इस्ताव्याचा कौल दिला जाई: पहिल्या वर्षी सारा नाममात्र, मग वर्षागणिक थोडा थोडा वाढत ठरलेल्या मुदतीअखेर पूर्ण. अभयाला अशी आकड्यांची जोड असे.

कोकणात देवळातील गुरव देवाला कौल लावतो, तो हाच शब्द. मतमोजणीच्या दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांच्या मथळ्यात झळकणारा ‘जनतेचा कौल’ही हाच. फरक इतकाच की, त्या काळी कौल सरकार देई आणि रयत मागे.